आत्याचं खोडरबर

मिरजेला स्टेशन रोडवर एक वाचनालय होतं. पुस्तकाचं भाडं दिवसाला दहा पैसे. तिथल्या रहस्यकथांच्या पहिल्या पानावर, शीर्षकाच्या खाली, कुणीतरी शिसपेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असायचं. एखाद्या पुस्तकात दोन नावं असायची, दोन वेगवेगळ्या अक्षरांत, म्हणजे त्यातला एक वाचक तरी नक्की खोटारडा. आत्याला याचा फार राग यायचा. पुस्तक घरी आलं की ती ते उघडायचीच नाही. मला हाक मारायची, हातात खोडरबर द्यायची आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहायची. "नीट पूस. वाचता येता कामा नये. आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मे महिन्याच्या सुट्टीत आत्याकडे राहायला जायचे. आत्याने त्या सुट्टीत किती पुस्तकं वाचली असतील देव जाणे, पण त्यातल्या बहुतेकांचा खुनी तिच्याआधी मला माहीत होता. ती माजघरात उंबऱ्याला टेकून वाचत बसायची, मधेच पुस्तक मांडीवर पालथं घालून म्हणायची, "मला त्या मुनिमाचा संशय येतोय गं." मी समोर शेंगा सोलत बसलेली असायचे. मुनीम निर्दोष आहे हे मला ठाऊक असायचं. मी शेंगा सोलत राहायचे.

हे सगळं मला जुलै २०२३मध्ये इंग्लंडातल्या यॉर्कशर परगण्यात, हॅरोगेट गावच्या रहस्यकथा महोत्सवात, ओल्ड स्वान हॉटेलच्या हिरवळीवर, पावसाच्या बारीक शिंतोड्यांत, एका रांगेत उभी असताना आठवलं. रांग एका लेखिकेच्या सहीसाठी होती. माझ्या पुढच्या दोघीजणी बोलत होत्या आणि त्यातली एक म्हणाली, "पण शेवटी जेव्हा ती बहीण..." एवढंच. रांगेतल्या सहा-सात जणांनी एकदम हात वर केले, कुणी कानांवर ठेवले, एक आजोबा तर "नको, नको, नको" म्हणत दोन पावलं मागे सरकले. ती बाई लाजून गप्प झाली. मी आयुष्यात पहिल्यांदाच इतकी माणसं एकत्र पाहत होते ज्यांच्या हातात आत्याने निर्धास्तपणे खोडरबर दिलं असतं.

मी लीड्सला राहते. इथे एका दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. लीड्सहून हॅरोगेटला गाडीने पाऊणएक तास लागत नाही, तरी इतकी वर्षं इथे राहून मी त्या महोत्सवाला कधी गेले नव्हते. हॅरोगेटला जायचं ते बेटीजमध्ये चहा प्यायला, नाहीतर भारतातून आलेल्या पाहुण्यांना गंधकाच्या पाण्याचा झरा दाखवायला. त्या पाण्यानेच हे गाव मोठं केलं. सोळाव्या शतकात इथे पहिला औषधी झरा सापडला, पुढे श्रीमंत लोक हवापालटाला येऊ लागले, हॉटेलं झाली, स्नानगृहं झाली. झऱ्यावर बांधलेल्या पंप रूमच्या दाराशी गेलं की अजून सडक्या अंड्यांचा वास येतो. आत्या असती तर पदर नाकाला लावून म्हणाली असती, "हे पितात?"

दर जुलैत चार दिवस इथे गुन्हेगारी कादंबरीचा उत्सव भरतो. नाव लांबलचक: थीकस्टन ओल्ड पिक्युलिअर क्राइम रायटिंग फेस्टिव्हल. ओल्ड पिक्युलिअर ही एक काळसर बिअर आहे. हॅरोगेटच्या वायव्येला मॅशम नावाचं छोटं बाजारपेठेचं गाव आहे, तिथे थीकस्टन घराण्याने १८२७मध्ये बिअर गाळायला सुरुवात केली. त्या गावाला मध्ययुगात स्वतःचं धर्मन्यायालय होतं, बाहेरच्या बिशपची सत्ता तिथे चालायची नाही, आणि त्या वेगळेपणाला 'पिक्युलिअर' म्हणत. तो शब्द बिअरला चिकटला, आणि बिअरवाल्यांनी पैसे घातले म्हणून महोत्सवाला. वर्षातल्या उत्तम गुन्हेगारी कादंबरीला इथे २००५पासून पुरस्कार देतात: तीन हजार पौंड आणि ओक लाकडाचं हाताने घडवलेलं बिअरचं पिंप. लेखक ते पिंप लहान मुलासारखं कडेवर घेऊन फोटो काढतात. मला ते फार आवडलं. शाल-श्रीफळाची सवय असलेल्या माणसाला पिंपाचं कौतुक पटकन कळतं. ज्या मातीतला सत्कार, तिथली वस्तू.

महोत्सव सुरू झाला २००३मध्ये. हॅरोगेटमध्ये संगीताचे आणि कलेचे उत्सव भरवणारी एक धर्मादाय संस्था १९६६पासून आहे, तिनेच हा चालवायला घेतला, आणि उभारणीत स्कॉटलंडची कादंबरीकार व्हॅल मॅकडर्मिड सुरुवातीपासून होती. तिच्या एका गोष्टीसाठी मला तिच्याविषयी मनापासून आदर आहे. दरवर्षी ती पहिलीच कादंबरी आलेले चार लेखक निवडते आणि त्यांना आपल्या शेजारी बसवून सगळ्या सभागृहापुढे बोलतं करते. कार्यक्रमाचं नाव 'न्यू ब्लड'. म्हणजे नवं रक्त, विषयाला धरूनच. त्यासाठी ती ढीगभर नवी पुस्तकं वाचते. ज्याचं नाव झालं आहे अशा माणसाने नवख्यांसाठी वर्षानुवर्षं असा वेळ काढणं आपल्याकडे मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. पहिल्या दिवशी लिहायला शिकू पाहणाऱ्यांसाठी वर्ग असतात, आणि त्यात शेवटी धीट लोक प्रकाशकांपुढे उभे राहून दोन-तीन मिनिटांत आपल्या कादंबरीचं बीज सांगतात. सगळ्यांसमोर. माझे तर पाय लटपटले असते.

पण खरा महोत्सव सभागृहात नसतो, हिरवळीवर असतो. तासाभराची चर्चा संपली की लेखक सहीच्या टेबलाशी बसतात, तिथून उठले की सरळ बाहेर येऊन गवतावर. ज्यांच्या पुस्तकांच्या लाखो प्रती खपतात ती माणसं हातात ग्लास घेऊन तुमच्या शेजारी उभी असतात. वेगळा कक्ष नाही, दोरी बांधलेली जागा नाही. एक कादंबरीकार मला विचारत होता, "तुम्ही फार्मासिस्ट? मग मला एक सांगा, डिगॉक्सिन जर..." आणि आम्ही वीस मिनिटं उभ्या उभ्या विषावर बोललो. त्याने वहीत टिपून घेतलं. जाताना म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं भेटतात म्हणून मी इथे येतो." मी ते वाक्य गाडीत, घरी, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गोळ्या मोजताना पुन्हा पुन्हा आठवलं.

अगाथा ख्रिस्ती औषधं देण्याचं काम शिकलेली होती हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या इस्पितळात आधी परिचारिका होती, मग औषधालयात गेली, १९१७मध्ये त्याची परीक्षा पास झाली. विषांची ओळख तिथे झाली. १९२०मध्ये तिची पहिली कादंबरी आली आणि पुढे औषधनिर्मात्यांच्या व्यावसायिक नियतकालिकाने, फार्मास्युटिकल जर्नलने, त्यातल्या विषाच्या अचूक माहितीची तारीफ केली होती. ते कोणतं विष आणि ते कसं दिलं, हे मी इथे सांगणार नाही. ज्यांनी वाचलं आहे त्यांना माहीत आहे, ज्यांनी वाचलं नाही त्यांचा आनंद त्यांच्याकडे राहू दे.

आत्याने ख्रिस्ती वाचली नव्हती. तिचे लोक वेगळे. तिचा झुंजार, तिचा काळा पहाड. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, आणि मला वाटतं वाचनालयात आलेल्यांपैकी एकही तिने सोडली नसेल. नंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले, दिवाळीत 'धनंजय' यायचा. आत्या सातवी शिकलेली होती. तिच्या घरात पुस्तक म्हणजे पोथी आणि पंचांग. तिला सलग वाचण्याची, शब्द शब्द लक्षात ठेवण्याची, समोरच्या माणसाच्या बोलण्यातली विसंगती पकडण्याची सवय रहस्यकथांनी लावली. बाजारात भाजीवाल्याने मागच्या आठवड्यात काय भाव सांगितला होता आणि आज तो काय म्हणतोय, हे ती बिनचूक पकडायची. "पान पंधरावर काय म्हणालास?" असं ती एकदा खरंच म्हणाली होती, आणि तो बिचारा बघतच राहिला.

माझ्या शाळेत एका बाईंनी दप्तरातून माझी रहस्यकथा काढली आणि वर्गापुढे दोन बोटांत धरून उभी केली. मेलेलं उंदराचं पिल्लू धरावं तशी. "असलं वाचतेस?" असलं. तो शब्द माझ्या पाठीवर पुढे पंचवीस वर्षं होता. मी मराठी सोडून इंग्रजीत वाचायला लागले तरी लोकलमध्ये मुखपृष्ठ आत दुमडून धरायचे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांच्या यादीत अर्नाळकरांचं नाव नाही. दोन पिढ्यांना ज्यांनी वाचायला शिकवलं, त्यांच्यासाठी आपण एक मांडव घालू शकलो नाही, याचं मला वाईट वाटतं. रागही येतो. रहस्यकथा सगळ्याच चांगल्या नसतात हे कबूल, पण कवितासंग्रह तरी सगळे कुठे चांगले असतात?

हॅरोगेटच्या त्या हिरवळीवर कुणी मुखपृष्ठ लपवत नव्हतं. व्हीलचेअरवरच्या एका आजींच्या मांडीवर सात पुस्तकांची चळत होती आणि सगळ्यांवर रक्ताचे शिंतोडे. त्या वर्षीचा जीवनगौरव ॲन क्लीव्ह्जला होता. ही बाई पहिल्या पुस्तकापासून वीसएक वर्षं लिहीत होती, फारसं कुणी विचारत नव्हतं. २००६मध्ये तिला मोठा पुरस्कार मिळाला आणि दिवस पालटले. मधल्या काळात ती ग्रंथालयांसाठी काम करायची, लोकांना वाचनाकडे आणायचं काम. आता तिने इंग्लंडच्या ईशान्य भागात स्वतःचे पैसे घालून एक योजना उभी केली आहे: आजाराने, एकटेपणाने, काळजीने खचलेल्या माणसांना पुस्तकांशी जोडून देणारे कार्यकर्ते. मला वाटतं तिला माझी आत्या सांगायला नको, ती तिला ओळखत असणार.

आणि कार्यक्रमांची आखणी त्या वर्षी वसीम खानकडे होती. दरवर्षी एक लेखक हे काम करतो. वसीम खान लंडनचा, पण दहाएक वर्षं मुंबईत नोकरी केलेला. त्याची एक कादंबरीमाला १९५०च्या मुंबईत घडते, तिची नायिका पर्सिस वाडिया नावाची पोलीस इन्स्पेक्टर आहे, पारशी, एकटी, आणि सगळ्या ठाण्याला नकोशी झालेली. यॉर्कशरच्या गोऱ्या आजी मला मलबार हिल कुठे आलं ते विचारत होत्या. मी रुमालावर पेनाने गिरगाव चौपाटीची कमान काढून दाखवली. दोन वर्षांनी, २०२५मध्ये, ते ओकचं पिंप अबीर मुखर्जीला मिळालं, कलकत्त्याच्या पार्श्वभूमीवर कादंबऱ्या लिहून ज्याने नाव कमावलं तो. बंगाली आणि मुंबईकर पोचले. मी मनात मराठी नावाची वाट पाहते आहे आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

आता त्या हॉटेलबद्दल सांगायला हवं, कारण महोत्सव तिथे भरतो हा योगायोग साधा नाही.

१९२६च्या ३ डिसेंबरला, शुक्रवारी रात्री, अगाथा ख्रिस्ती बर्कशरमधल्या आपल्या घरातून गाडी घेऊन निघाली. सात वर्षांची मुलगी आत झोपलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नरच्या उताराखाली सापडली. आत फरचा कोट आणि गाडी चालवण्याचा परवाना, बाई नाही. मग जे सुरू झालं त्याला शोध म्हणायचं की जत्रा, मला कळत नाही. शेकडो पोलीस, हजारो हौशी लोक, कुत्रे, वरून विमानं. जवळचं एक तळं लोकांनी ढवळून काढलं. एका वर्तमानपत्राने शंभर पौंडांचं बक्षीस लावलं. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल यांनी तिचा हातमोजा मिळवून तो एका अतींद्रिय शक्तीवाल्याकडे नेला. डोरोथी सेअर्स, तीही रहस्यकथाकार, जागा बघायला जाऊन आली.

ती इथे होती. त्या वेळी हॉटेलचं नाव स्वान हायड्रोपॅथिक, म्हणजे जलोपचाराचं ठिकाण. टेरेसा नील, केपटाउनहून आलेल्या, असं नोंदवून ती दहा दिवस राहिली. नील हे तिच्या नवऱ्याचं जिच्यावर मन बसलं होतं त्या मुलीचं आडनाव. ती संध्याकाळी नाचायची, बिलियर्ड्स खेळायची, आपल्याच गायब होण्याच्या बातम्या छापलेली वर्तमानपत्रं वाचायची. तिने टाइम्समध्ये एक छोटी जाहिरातही दिली, दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या टेरेसा नीलच्या नातलगांनी संपर्क साधावा म्हणून. शेवटी बँडमधल्या वादकांनी तिला ओळखलं आणि १४ डिसेंबरला नवरा आला, दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेला. स्मृतिभ्रंश झाला होता, असं जाहीर केलं. पुढे १९२८मध्ये घटस्फोट झाला. ती १९७६मध्ये वारली तोपर्यंत तिने या दिवसांबद्दल उघडपणे जवळजवळ काहीच सांगितलं नाही. तिचं आत्मचरित्र चांगलं जाडजूड आहे, लहानपणच्या खेळण्यांवर पानंच्या पानं आहेत. हे दिवस त्यात नाहीत.

दुपारी चहाच्या टेबलावर यावर वाद रंगला होता. एकजण म्हणत होता, नवऱ्याला अद्दल घडवायची होती. दुसरी म्हणाली, पुस्तक खपवायची युक्ती. तिसऱ्याने खरोखरच्या स्मृतिभ्रंशाची वैद्यकीय लक्षणं सांगायला घेतली आणि माझ्याकडे पाहिलं, मी दवाखान्यातली म्हणून. मी काही बोलले नाही. मला एकाएकी विहिरीचा वास आला.

आत्या गेली तो मंगळवार होता, मे १९७८. सकाळी भाकऱ्या करून, फडक्यात गुंडाळून, कापडी पिशवी घेऊन ती बाहेर पडली. मी विचारलं, "कुठं निघालीस?" ती म्हणाली, "आलेच." दुपारी आली नाही. रात्री आली नाही. आत्याचे यजमान, आम्ही त्यांना भाऊकाका म्हणायचो, फार शांत माणूस होते. ते ओट्यावर बसून राहिले. माझे वडील सांगलीहून आले. दुसऱ्या दिवसापासून शेजारची माणसं निघाली. कुणी कृष्णाघाटावर, कुणी दवाखान्यांत, कुणी दर्ग्याच्या आवारात. सतारमेकर गल्लीतली पोरं सायकली घेऊन बेडगच्या वाटेपर्यंत जाऊन आली. आमच्या मागच्या आळीत एक जुनी विहीर होती, मे महिना असल्याने पाणी तळाला गेलेलं. दोघांनी दोराला गळ बांधून आत सोडला. मी कठड्याशी उभी होते. गळ दगडाला घासल्याचा आवाज यायचा, मग पाण्यात फिरवल्याचा. कुणीतरी मला तिथून ओढून नेलं.

मिरज जंक्शनात तेव्हा तिन्ही रुंदीचे रूळ होते. पुणे-कोल्हापूरची मोठी लाइन, बेळगावकडे जाणारी मीटरगेज, आणि पंढरपूरवरून कुर्डुवाडीला जाणारी छोटी. कुठल्या बाजूला शोधायचं? वडील प्लॅटफॉर्मवर उभे राहून नुसते इकडून तिकडे बघत होते, असं आई नंतर सांगायची.

शनिवारी दिवेलागणीला आत्या आली. परसदारातून. पाय धुतले, देवापुढे दिवा लावला, आणि चुलीशी जाऊन भात टाकला. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. भाऊकाका एवढंच म्हणाले, "जेवलीस का?" वडिलांनी बाहेर जाऊन जमलेल्या लोकांना सांगितलं, पंढरपूरला गेली होती, मनात आलं आणि गेली. सगळ्यांना ते पटलं. पटवून घ्यायला बरं होतं. आत्याने ते कधी खोडलं नाही आणि कधी मान्यही केलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिने मला वाचनालयात पुस्तक परत द्यायला पाठवलं. रस्त्यात मी ते उघडलं. मधे खूण म्हणून रेल्वेचं तिकीट होतं, जाड पुठ्ठ्याचं, छोटं, तारीख दाबून उमटवलेली. परतीचं. शनिवारचं. मिरजेला उतरल्यावर गेटवर तिकीट घेतात, ते तिच्याकडे राहिलं म्हणजे ती गेटातून आलीच नव्हती, यार्डातून रूळ ओलांडून आली होती. म्हणून परसदार. नऊ वर्षांच्या मुलीला हे सगळं एका क्षणात कळलं, कारण तिला तसं वाचायला कुणी शिकवलं होतं? आणि वर जे स्टेशन छापलं होतं, तिथे पंढरपूरची छोटी गाडी जातच नव्हती.

ओल्ड स्वानमध्ये चहाच्या टेबलावर वाद चालूच होता. मी मनात काय करत होते सांगते. ख्रिस्तीची आई त्याच वर्षी, एप्रिल १९२६मध्ये गेली होती. टॉर्कीचं माहेरचं घर आवरायला ती महिनोन्महिने राहिली होती, आईच्या पेट्या, आईचे कपडे, खोलीमागून खोली. मग उन्हाळ्यात नवऱ्याने दुसरीचं नाव सांगितलं. हे मी आधीही वाचलेलं होतं. पण तिथे बसून मला पहिल्यांदा आठवलं की माझी आजी, आत्याची आई, १९७८च्या फेब्रुवारीत गेली. आत्या मे महिन्यात गेली. हे दोन महिने मी पंचेचाळीस वर्षांत कधी एकमेकांच्या शेजारी ठेवले नव्हते. तिकिटावरचं स्टेशन मला माहीत होतं, तिथे आपलं कोण होतं हे मी आयुष्यभर शोधत राहिले होते, आणि तिथे कुणीच असायची गरज नव्हती. आजीचे दिवसवार झाले, पाहुणे गेले, आणि आत्याने तीन महिने रोज सगळ्यांचा स्वयंपाक केला. तिला कुणी विचारलं होतं का काही? मी तर सुट्टीत आले ते खोडरबर घेऊन.

हे उत्तर आहे असं मी म्हणत नाही. चूकही असेल. पण माझा चहा गार झाला आणि शेजारच्या हल गावच्या बाईंनी, निवृत्त शिक्षिका, माझ्या हातावर हात ठेवला. त्या वादात एकदाच बोलल्या होत्या. "ती पुढे पन्नास वर्षं एक शब्द बोलली नाही," त्या म्हणाल्या होत्या, "आणि आपण तिच्याच हॉटेलात बसून तिला बोलायला लावतोय." टेबलावर क्षणभर शांतता झाली होती, मग कुणीतरी स्कोन मागवले होते.

संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड होता. हिरवळ भरलेली, हसण्याचे आवाज, कुणी पुस्तकं पिशव्यांत भरतंय, आतल्या दालनात रात्रीच्या प्रश्नमंजूषेची तयारी. मी हॉटेलच्या वेलींनी झाकलेल्या भिंतीकडे बघत उभी राहिले. कुठली खिडकी तिची होती हे मी कुणालाही विचारलं नाही.

त्या दिवशी वाचनालयात मी पुस्तक दिलं नाही. तशीच मागे फिरले. आत्या उंबऱ्याला टेकून तांदूळ निवडत होती. मी तिकीट पुढे धरलं, म्हटलं, "तुझी खूण राहिली होती." तिने ते हातात घेतलं, पालथं केलं, सरळ केलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, मी सुपातल्या तांदळाकडे पाहत होते. तिने तिकीट कनवटीला खोचलं.

"जा पळ," ती म्हणाली, "सहाला बंद होतं ते. आणि येताना दुसरं आण. आधी पहिलं पान बघून घे."